९४४ मिलिमीटर, पण कोणत्या तारखेला?

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकरांना सांगावी लागत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पण हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदींत हा आकडा शोधलात, तर तो २७ जुलैसमोर सापडेल. चूक कुणाचीच नाही. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आधीच्या २४ तासांतला पाऊस मोजणीच्या तारखेवर चढतो. उपग्रहांच्या आकडेवारीत दिवस बहुतेकदा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. हे कुठे लिहिलेलं नसेल, तर दोन्ही फाइली शेजारी ठेवणारा संशोधक उगाचच उपग्रहाला दोष देत बसेल.

रिकाम्या जागांचं दुखणं याहून वाईट. अनेक फाइलींत नोंद नसेल तिथे -९९९ लिहितात. ते न कळता बेरीज केली, तर महिन्याचा पाऊस उणे येतो आणि चूक लगेच पकडली जाते. पण नोंद नसताना कुणी ० टाकलं की संपलंच! पर्जन्यमापक बंद होता की आभाळ कोरडं होतं, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

१९४५ च्या अखेरीस समुद्राच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान अचानक सुमारे ०.३ अंशाने उतरलेलं दिसे. उलगडा झाला २००८ मध्ये. युद्धकाळातल्या बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि ती इंजिनासाठी आत घेतलेलं, जरा कोमट पाणी मोजत. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या. त्यांचे खलाशी बादलीने पाणी उपसत, आणि ते वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडं गार होई. समुद्र होता तसाच होता. आकडे जपले गेले, पण ते कसे मोजले याची टिपणं अर्धवट राहिली.

म्हणून फाइलीसोबत एक साधी मजकुराची ‘रीडमी’ फाइल ठेवतात. प्रत्येक स्तंभात काय आहे, एकक कोणतं, वेळ कुठली, उपकरण कोणतं आणि ते कधी हलवलं, रिकाम्या जागेची खूण काय, कोणते आकडे मागाहून दुरुस्त केले, हे सगळं त्यात येतं. एकक बहुतेक जण लिहितात. राहून जातं ते लिहिणाऱ्याला स्वतःला उघड वाटणारं, साडेआठसारखं. त्यामुळे ही फाइल आधी दुसऱ्या विषयातल्या कुणाला तरी वाचायला द्यावी. तो जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं तिथेच लिहून टाकावीत.