पोटातली साधी गाठ आणि रिपोर्टमधला ‘आयजीजी४’

दुर्बिणीच्या तपासणीत जठरात गाठ दिसली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, कॅन्सर तर नाही ना? तुकडा तपासल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. जठरातल्या काही गाठी पूर्ण साध्या असतात. त्यांतलीच एक क्वचित सापडणारी गाठ म्हणजे कॅल्सिफाइंग फायब्रस ट्यूमर. तिचं पहिलं वर्णन १९८८ मध्ये लहान मुलांच्या गाठी म्हणून झालं. जठरात मात्र ती बहुधा मोठ्या माणसांत आढळते.

गाठ पांढरट, टणक असते. कापताना भातातला खडा दाताखाली यावा तशी सुरी कचकचते, कारण आत कॅल्शियमचे बारीक कण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले काही कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसतात. भोवती कोलॅजनचे म्हणजे प्रथिनतंतूंचे जाड पट्टे, तुरळक लांबट पेशी आणि जागोजागी प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशी.

ही गाठ अस्तराच्या खाली, भिंतीत असते. दुर्बिणीतून चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात बऱ्याचदा वरचं अस्तरच येतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ किंवा ‘गॅस्ट्रायटिस’ येतो. तेवढ्यावरून गाठ नाही असं समजू नका. एंडोस्कोपिक सोनोग्राफीखाली सुईने नमुना घ्यावा लागतो किंवा गाठच काढावी लागते. त्याच भिंतीत ‘जिस्ट’ नावाची गाठही होते, तिचे उपचार वेगळे. जिस्टमध्ये सीडी११७ आणि डॉग१ या रंगचाचण्या (तुकड्याच्या कापावर विशिष्ट प्रथिनं रंगवून पाहणाऱ्या चाचण्या) बहुधा पॉझिटिव्ह येतात, या साध्या गाठीत निगेटिव्ह.

आता आयजीजी४, म्हणजे प्रतिपिंडांची एक जात. या गाठीतल्या काही प्लाझ्मा पेशी आयजीजी४ बनवणाऱ्या निघतात, म्हणून रोगप्रतिकारशक्तीशी जोडलेल्या ‘आयजीजी४ संबंधित आजारा’ची शंका येते. त्यात स्वादुपिंड, पित्तनलिका, लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी, मूत्रपिंड सुजतात व घट्ट होत जातात. पण नुसती पेशींची मोजणी म्हणजे आजार नव्हे, हे आम्ही लॅबवाले ठासून सांगतो. कोणत्याही जुन्या सुजेत या पेशी थोड्याफार वाढतात. आजार म्हणायला तुकड्यात तंतू चटईच्या विणीसारखे फिरलेले हवेत, बारीक शिरा बुजलेल्या हव्यात, एकूण आयजीजी पेशींत आयजीजी४ पेशी ४० टक्क्यांहून जास्त हव्यात. रक्तातली पातळी १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली तर शंका बळावते. पण दमा-ॲलर्जीतही ती वाढते आणि खऱ्या आजारात कधी नॉर्मलही येते. पातळी खूपच जास्त असेल तर यंत्र चुकून कमी आकडा दाखवतं. अशा वेळी लॅबमध्ये रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा मोजायला हवं.

कावीळ, जबड्याखाली किंवा पापण्यांवर सूज, तोंड-डोळे कोरडे पडणे, पूर्वी स्वादुपिंडाला आलेली सूज यांतलं काही असेल तर नमुन्यासोबतच्या फॉर्मवर जरूर लिहा. यांतलं काहीच नसेल आणि गाठ एकटीच असेल, तर ती पूर्ण काढल्यावर सहसा दुसरा उपचार लागत नाही.

नमुना आणताना

गारगोटी, आजरा, चंदगडहून आमच्या लॅबमध्ये एसटीने नमुन्याचा डबा येतो तेव्हा काही चुका हमखास होतात. तुकडा सलाइनमध्ये टाकलेला असतो. तो आतून सडतो आणि रंगचाचण्या बिघडतात. तुकडा टिकवायला १० टक्के फॉर्मॅलिनचं द्रावण हवं, तेही तुकड्याच्या दहापट. रुंद तोंडाचाच डबा घ्या, कारण टणक झालेली गाठ अरुंद बाटलीतून बाहेर निघत नाही. झाकणाला टेप लावून दुहेरी पिशवीत ठेवा, फ्रीजमध्ये नको. फॉर्मॅलिन हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. पेशंटचं नाव झाकणावर नको, डब्यावर लिहा, झाकणं बदलतात.

तपासणी दुसरीकडे झाली असेल तर काचपट्ट्यांबरोबर मेणाचा ब्लॉकही (तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो) मागून आणा. नव्या रंगचाचण्यांसाठी ३-४ मायक्रॉनचे काप त्याच ब्लॉकमधून निघतात. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर कधीपासून आणि किती, हे आधी सांगा. त्यांनी रक्तातला आयजीजी४ उतरतो, शिवाय लिम्फोमासारखा (लसिकापेशींचा कॅन्सर) वेगळा आजारही काही दिवस दबून राहतो. म्हणून तुकड्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत स्टेरॉइड सुरू करणं थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आधीपासून सुरू असतील तर मात्र मनाने बंद करू नका.