इंधनाचा काटा नसलेलं यान

मंगळाभोवती 2001 पासून फिरणाऱ्या मार्स ओडिसी यानात इंधन किती उरलंय, हे दाखवणारा काटाच नाही. निघालं तेव्हा टाक्यांत सुमारे 225 किलो हायड्रॅझीन हे इंधन होतं, पुढचा सगळा अंदाजाचा मामला. मग अभियंते टाकीला हीटरने थोडी ऊब देतात आणि ती तापायला किती वेळ लागतो ते बघतात. भरलेलं भांडं सावकाश तापतं, तळाशी घोटभर उरलेलं चटकन तापतं. त्या वेळावरून उरलेल्या इंधनाचा हिशेब मांडायचा.

मजा म्हणजे यानाचा थेमिस हा कॅमेरा मंगळाकडेही याच नजरेने बघतो. तो जमिनीची ऊब टिपतो. सूर्य मावळला की धूळ आणि बारीक वाळू भराभर थंड होतात, खडक मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर धरून ठेवतो. साध्या फोटोत अगदी सारखी दिसणारी दोन मैदानं रात्रीच्या चित्रात एक उजळ, एक काळं अशी दिसतात. म्हणजे एक खडकाळ, दुसरं धुळीचं. रोव्हर कुठे उतरवायचा हे ठरवताना असले नकाशे सोन्यासारखे. 2007 मध्ये आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर सात काळी वर्तुळं सापडली. ती दिवसा आसपासच्या जमिनीपेक्षा थंड, रात्री उबदार होती. नुसता काळा डाग असता तर असं झालं नसतं. ती खोल पोकळ्यांची तोंडं असावीत, हा तर्क त्या तापमानातूनच निघाला.

गाजली ती मात्र पाण्याची बातमी. मंगळाची हवा विरळ, त्यामुळे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, थेट जमिनीवर आदळतात आणि मातीतल्या अणूंमधून न्यूट्रॉन उडवतात. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परत येते, पण तिच्याएवढ्याच दुसऱ्या गोटीला लागली तर आपला वेग तिला देऊन मोकळी होते. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक. म्हणून जिथून वेगवान न्यूट्रॉन कमी येतात, तिथे जमिनीत हायड्रोजन भरपूर, आणि इतका हायड्रोजन म्हणजे जवळपास नक्कीच बर्फ. 2002 मध्ये ओडिसीच्या उपकरणांनी ध्रुवांकडच्या विस्तीर्ण पट्ट्यात वरच्या मीटरभर थरात असा साठा दाखवला.

तर्क कितीही पक्का असला तरी कुणीतरी खणून बघायला हवंच. ते काम 2008 मध्ये फिनिक्स यानाने केलं. उत्तरेकडे उतरून त्याने चर खणला, तर थोड्याच खोलीवर पांढरे तुकडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असं उडून जात नाही, म्हणजे तो बर्फच.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. किरणोत्सार मोजायला नेलेलं उपकरण 2003 च्या ऑक्टोबरमधल्या सौरवादळात स्वतःच बंद पडलं. 2012 मध्ये यानाला दिशा देणाऱ्या तीन चाकांपैकी एक अडकलं, तेव्हा अकरा वर्षं नुसतं पडून असलेलं राखीव चाक कामी आलं. मधल्या काळात स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरांचा बहुतांश डेटा पृथ्वीवर पोचवण्याची हमालीही याच यानाने केली.

आणि मग इंधनाचा घोळ. 2021 च्या हिशेबात सुमारे 5 किलो उरलं होतं. 2022 च्या जानेवारीत तोच आकडा निघाला 2.8 किलो! इतकं इंधन यानाने वापरलेलंच नव्हतं. गळती असेल का? कित्येक महिन्यांच्या तपासानंतर चोर सापडला तो एक हीटर. दोन टाक्यांना जोडणाऱ्या नळ्या गरम ठेवणारा हा हीटर इंधनालाही गुपचूप ऊब देत होता. टाकी अपेक्षेपेक्षा लवकर तापायची, म्हणून रिकामी वाटायची. ती जास्तीची ऊब वजा करून पुन्हा हिशेब मांडला, तर 2023 मध्ये टाकीत सुमारे 4 किलो शिल्लक निघालं.