‘तवा तुम्ही कुठं होता?’ : मराठवाड्यात घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नामागचा इतिहास

दरवर्षी ३ जून जवळ आला की परळी, अंबाजोगाई, केज, माजलगाव या पट्ट्यात एक प्रश्न निघतोच : मुंडे साहेबांची बातमी आली तवा तुम्ही कुठं होता? उत्तरासाठी कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. बियाण्याच्या दुकानापुढं उभा होतो, लग्नाच्या वऱ्हाडात होतो, धार काढून नुकताच घरात आलो होतो, स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांना मत देणारे सांगतात आणि जन्मभर त्यांच्या विरोधात राहिलेलेही तितक्याच बारकाईनं सांगतात.

घटना थोडक्यात अशी. लोकसभेचा निकाल १६ मे २०१४ ला लागला. २६ मे ला गोपीनाथ मुंडे केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. ३ जूनच्या मंगळवारी भल्या सकाळी ते दिल्लीतल्या घरून विमानतळाकडं निघाले. बीड जिल्ह्यात त्यांचा सत्कार व्हायचा होता. वाटेत पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोडच्या चौकात दुसरी गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. एम्सच्या ट्रॉमा सेंटरला नेलं आणि ७ वाजून २० मिनिटांनी डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केलं. मंत्रिपदाची शपथ घेऊन आठच दिवस झाले होते. ज्या जिल्ह्यात स्वागताची तयारी चालली होती, तिथं दुसऱ्या दिवशी वैद्यनाथ कारखान्याच्या आवारात पंकजा मुंडे यांनी वडिलांना अग्नी दिला.

धक्का मोठा होता, म्हणून आठवण पक्की राहिली, असं म्हणून हा विषय मिटवता येईल. पण या आठवणींचं एक वळण आहे, आणि ते समजून घ्यायचं तर जरा मागं जावं लागतं.

हा प्रश्न विचारण्याची रीत टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन १८६५ मध्ये मारले गेले. त्यानंतर तीसेक वर्षांनी एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या संशोधकानं १७९ जणांना विचारलं, की लिंकन गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठं होता? त्यांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, हातातलं काम, सांगणारा माणूस, सगळं तपशिलानं सांगितलं. १८९९ मध्ये त्यानं हे छापलं. तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता.

मग आली २२ नोव्हेंबर १९६३ ची केनेडींची हत्या. डॅलसमध्ये दुपारचे साडेबारा, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्रीचे बारा. मराठवाडा झोपलेला होता. अमेरिकेत मात्र देशच्या देश टीव्हीपुढं बसून राहिला. पुढं १९७७ मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी या प्रकारच्या आठवणींचा नेमका अभ्यास केला. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा आणि समोरचं सगळं टिपलं जावं तशी ही आठवण, असं त्यांचं म्हणणं. या आठवणीत काय काय टिकतं, हेही त्यांनी नोंदवलं : आपण कुठं होतो, काय करत होतो, कुणी सांगितलं, सांगताना त्याचा चेहरा कसा होता, आपल्याला काय वाटलं, नंतर लगेच काय झालं.

त्यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या अमेरिकनांना विचारलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण काळ्यांपैकी ३० जणांना होती, गोऱ्यांपैकी १३ जणांना. म्हणजे टीव्ही सगळ्यांच्या घरात तोच, बातमी तीच, पण माणूस कुणाचा गेला यावर आठवण ठरते. ३ जूनची सकाळ रत्नागिरीत आणि बीडमध्ये सारखी का आठवत नाही, याचं उत्तर यातच आहे.

आता मराठवाड्याकडं येऊ. इथल्या अशा आठवणींत खूप जुनी आणि खोल गेलेली एक आहे, १७ सप्टेंबर १९४८ ची. त्या दिवशी निजामानं हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. रेडिओ होते मोजक्या वाड्यांत. बाकीच्यांना ही बातमी माणसानं येऊन सांगितली : शेजारच्या गावाहून धावत आलेल्यानं, बाजाराहून परतलेल्यानं, सरहद्दीवरच्या कॅम्पातून आलेल्या कार्यकर्त्यानं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मुक्तिसंग्राम ऐकताना लक्ष दिलं तर कळतं, की बातमी आणणाऱ्याचं नाव, त्याची जात, त्याचं घर, अंगातले कपडेसुद्धा त्यांच्या लक्षात असतात. बातमी आणि माणूस वेगळे नव्हतेच.

टीव्ही आपल्याकडं उशिरा आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत कर्नाटक होतं, अगदी आपल्या शेजारचा गुलबर्गा होता, पण महाराष्ट्र नव्हता. सीमेपलीकडच्या खेड्यातली पोरं पंचायतीपुढं बसून टीव्ही बघत होती तेव्हा अलीकडं उमरग्याकडं रेडिओवरच भागत होतं. आपल्या वाट्याला टीव्ही खऱ्या अर्थानं आला तो १९८२ च्या आशियाई खेळांनंतर, देशभर लहान-लहान प्रक्षेपक उभे राहू लागले तेव्हा.

आणि तो येतो-न येतो तोच ३१ ऑक्टोबर १९८४ उजाडला. इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीनं त्या गेल्याचं दिवसाच सांगितलं, पण आपल्या सरकारी माध्यमांनी ते संध्याकाळपर्यंत जाहीर केलं नाही. दूरदर्शनवर ती बातमी वाचली सलमा सुलतान यांनी. तोवर दिवसभर गावागावात रेडिओभोवती घोळके होते, सुई इकडून तिकडं फिरत होती. ३ नोव्हेंबरचा अंत्यविधी मात्र मराठवाड्यातल्या कितीतरी लोकांनी टीव्हीवर पाहिला, आणि त्यांच्यासाठी टीव्हीवर पाहिलेली पहिली मोठी घटना तीच. माळवदावर अँटेना, तो धरून फिरवणारं एक पोरगं वर, आणि खालून ‘आलं, आलं... आता गेलं’ म्हणून ओरडणारं दुसरं. पडद्यावर मुंग्या. दारात चपलांचा ढीग, बायका आत, पुरुष ओसरीवर, पोरं खिडकीत. त्या पिढीला ‘कुठं होता’ विचारलं तर उत्तर येतं ते दुसऱ्याच्या घराचं : गुरुजींच्या घरी, पाटलाच्या वाड्यात, ग्रामपंचायतीत. स्वतःच्या घरी असलेला माणूस विरळा.

मधे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आहेच. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात कुणी ही बातमी ऐकली नाही, ती अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. किल्लारीबद्दल इथं ‘कुठं होता’ विचारतात तेव्हा तो प्रश्न कोण वाचलं आणि कसं, याचा असतो. टीव्हीच्या आठवणींच्या रांगेत मी त्याला बसवणार नाही. एवढंच खरं, की त्यानंतर या भागातल्या माणसाची तारखा मोजायची खूण तीच झाली : भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर.

२२ एप्रिल २००६. शनिवार. मुंबईत वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावानं गोळ्या झाडल्या. महाजन अंबाजोगाईत वाढलेले, शिकलेले. मुंडे त्यांचे मित्र आणि मेहुणे. मराठीत चोवीस तास बातम्यांची वाहिनी तेव्हा एकही नव्हती. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ २००७ मध्ये आल्या, ‘आयबीएन लोकमत’ २००८ मध्ये. लोक हिंदी वाहिन्यांवर डोळे लावून बसले, तेही लाईट असेल तर. त्या उन्हाळ्यात खेड्यांत भारनियमन इतकं होतं, की दिवसाचा बराच वेळ पंखाही फिरत नसे. अंबाजोगाईजवळच्या एका गावात ट्रॅक्टरची बॅटरी काढून मारुतीच्या पारावर आणली होती आणि तिला छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडला होता, असं तिथल्या एका मामांनी मला सांगितलं. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आकसत जायचं, शेवटी वृत्तनिवेदिकेचा चेहरा तळहाताएवढा उरायचा, आणि लोक आणखी पुढं सरकायचे.

महाजन बारा दिवस हिंदुजा रुग्णालयात झुंजले आणि ३ मे ला गेले. पण आठवण विचारा, ३ मे कुणी सांगत नाही. सगळे २२ एप्रिलच सांगतात. ‘सख्ख्या भावानं’ हे दोन शब्द कानावर पडले तो क्षण तेवढा कोरला गेलाय. मृत्यूपेक्षा ते जास्त लागलं.

विलासराव देशमुखांचं वेगळं. १४ ऑगस्ट २०१२ ला दुपारी चेन्नईत ते गेले, तेव्हा शाळांत दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची तयारी चालू होती. ते अत्यवस्थ असल्याच्या पट्ट्या आधीच काही दिवस फिरत होत्या, त्यामुळं मन थोडं तयार होतं. लातूरकरांना म्हणूनच बातमी कळल्याचा क्षण तितका आठवत नाही. आठवतो तो १५ ऑगस्टचा बाभळगावचा रस्ता : कुठं गाडी लावली, किती चाललो, कुठून दर्शन मिळालं. टीव्हीवर सगळं थेट दिसत होतं, तरी लोक घराबाहेर पडले.

आणि मग ३ जून. आता घरोघरी डिश होती, मराठी वाहिन्या होत्या, सकाळची वेळ होती आणि त्या दिवशी लाईटही बऱ्याच ठिकाणी होती. म्हणून बहुतेकांचं उत्तर येतं : टीव्हीवर बघितलं. मी इथंच अडतो.

१९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडताच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात अल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कशी कळली, कुठं, कुणाकडून. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. एक चतुर्थांश विद्यार्थ्यांची उत्तरं आधीच्या उत्तरांशी कुठंच जुळेनात. तरीही आपली आठवण खरी, असं ते ठामपणे सांगत होते. स्वतःच्या हातचा जुना कागद दाखवला तरी काहींचा विश्वास बसेना. त्यातला टीव्हीचा भाग बघा. पहिल्या दिवशी ‘मला टीव्हीवरून कळलं’ म्हणणारे ९ होते, अडीच वर्षांनी ते १९ झाले. कुणी वर्गात ऐकलं होतं, कुणाला मित्रानं सांगितलं होतं. नंतर दिवसभर तीच दृश्यं पाहिली, आणि सांगणारा मित्र आठवणीतून निघून गेला.

हे वाचल्यापासून मी ३ जूनबद्दल बोलताना एक प्रश्न जादा विचारतो : टीव्ही लावा असं कुणी सांगितलं? थोडा वेळ जातो आणि मग माणसं सापडू लागतात. दूध घालायला आलेला गडी. पुण्याहून फोन केलेला लेक. ‘आत्या, टीव्ही लावा, साहेबांचं काहीतरी झालंय’ म्हणत भिंतीवरून डोकावलेली शेजारीण. मोंढ्यातले एक आडते तर चटकन गप्प झाले. त्यांना बातमी सांगितली होती त्यांच्या हमालानं, तो त्यांच्या पेढीवर डोकं टेकून रडला होता. इतकी वर्षं ते ‘टीव्हीवर बघितलं’ असंच सांगत आले होते.

माझ्या मते या भागाच्या आठवणी लिहून ठेवायच्या तर तारीख आणि वाहिनी यांच्याआधी त्या सांगणाऱ्याचं नाव लिहायला हवं. तो गडी, ती शेजारीण, तो हमाल. नेता गेल्यावर एखादा प्रदेश कसा हलतो, हे वाहिन्यांच्या साठ्यात मिळणार नाही. तिथं रुग्णालयाचं फाटक आणि गाड्यांचा ताफा आहे.

६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी लता मंगेशकर गेल्या, तोवर क्रम पुन्हा बदलला होता. त्यांच्या प्रकृतीबद्दल आधीच अफवा उठल्या होत्या आणि अफवा पसरवू नका असं सांगावं लागलं होतं. त्यामुळं त्या सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली तरी आमच्याकडच्या कितीतरी जणांनी आधी टीव्ही लावला, पट्टी वाचली आणि मगच स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला.