मंगळावरचे पंक्चर

घोडबंदर रस्त्यावर पातलीपाडा पुलाजवळ मेकॅनिक आमच्या टायरमधून पक्कडीने खिळा ओढून काढत असताना पुतण्याने विचारले, "काका, मंगळावरच्या गाडीची चाके धातूची असतात, म्हणजे ती कधी पंक्चर होत नसतील ना?" त्याचा हा समज बराच रूढ आहे.

रबर तिथे का चालत नाही, हे सोपे आहे. रबराचे लांबलचक रेणू उबेत एकमेकांवरून सरकतात, म्हणून टायर लवचिक राहतो. नैसर्गिक रबर उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखे ठिसूळ होते आणि मंगळावरच्या रात्री त्याहूनही थंड असू शकतात. शिवाय नासाची मंगळावरची बग्गी क्युरिऑसिटी सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर चालते, त्यामुळे वेगातले हादरे शोषणारी हवेची गादी तिला लागतच नाही.

मात्र ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या याच बग्गीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना २०१३ मध्येच भोके पडलेली दिसली. वजन वाचवण्यासाठी चाकांचा पत्रा अवघा पाऊण मिलिमीटर जाडीचा ठेवला होता, हे खरे. पण सुमारे ९०० किलो वस्तुमानाच्या या बग्गीचा मंगळाच्या क्षीण गुरुत्वाकर्षणात प्रत्येक चाकावर पडणारा भार पृथ्वीवरच्या साधारण ५७ किलोंएवढाच भरतो. मग पत्रा फाटला कसा?

सहाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे आणि सुरुवातीला ती सारी एकाच वेगाने फिरत. दगडावर चढणाऱ्या चाकाला सपाटीवरच्या चाकांपेक्षा लांबचा वळसा पडतो, म्हणजे त्याने खरे तर जास्त वेगाने फिरायला हवे. ते तसे फिरत नसल्यामुळे मागे पडते आणि उरलेली चाके त्याला दगडावर रेटतात. दगड सुटा असेल तर सरकतो. वाऱ्याने धारदार केलेला आणि जमिनीत घट्ट रुतलेला असेल, तर भार आणि रेटा मिळून सगळा जोर त्याच्या टोकाएवढ्या जागेवर येतो.  यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये प्रत्येक चाकाचा वेग चढ-उतारानुसार बदलणारी संगणकप्रणाली पाठवावी लागली. पुढच्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीला अधिक जाड पत्र्याची, अरुंद आणि ४८ कंगोऱ्यांची चाके दिली गेली.

क्युरिऑसिटीच्या चाकांतली काही भोके मात्र मुद्दाम पाडलेली आहेत. मॉर्स या ठिपके-रेघांच्या संकेतातली 'जेपीएल' (बग्गी बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेचे लघुरूप) ही अक्षरे त्यांतून मातीत उमटतात, आणि त्या ठशांमधले अंतर कॅमेऱ्याने मोजून चाक किती घसरले ते कळते.