कामठी

नागपूरच्या ईशान्येला साधारण १५-१६ किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी वसलेलं गाव. तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपरिषद आहे, आणि बाजूलाच वेगळी छावणी. कन्हानला पेंच आणि कोलार या नद्या मिळतात त्या संगमाच्या थोडं खाली. नागपूरचे लोक कामठीला बाहेरगाव म्हणत नाहीत आणि कामठीचे लोक स्वतःला नागपूरकर म्हणवून घेत नाहीत, पण सकाळी आठ ते दहामधे कामठी रोडवर उभं राहिलं तर दोघांचं नातं काय ते कळतंच.

स्थापना. इंग्रज आणि नागपूरचे भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, आणि छावणीचं साल जुने कोश १८२१ देतात. मधल्या तीन-चार वर्षांमुळे काही जण छावणी थेट लढाईलाच जोडून टाकतात, पण १८२१ धरणंच बरं. भोसल्यांच्या राजधानीजवळ, पण राजधानीत नाही, अशी जागा इंग्रजांना हवी होती. इथे फौज मुख्यतः मद्रास आर्मीची असायची, त्यामुळे तमिळ-तेलुगू बोलणारी बरीच कुटुंबं त्या काळात इकडे आली. १८५७ च्या जूनमधे नागपुरात टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली तेव्हा कामठीची मद्रासी पलटण इंग्रजांच्याच बाजूनं राहिली, आणि नागपूरचा उठाव तिथेच बसला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूर भागात आला तो सुद्धा कामठीच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्यानं दिलेल्या देणगीमुळे.

कामठी स्तर. गावाचं नाव जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहे हे गावात फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून इथे जरा सविस्तर. गोंडवन खडकांच्या (भारतातल्या कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या खडकांच्या) गटात लालसर, लोहयुक्त वाळूखडकांचा जो थर आहे त्याला ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकानं कामठीचं नाव दिलं आणि ते पुढे गोदावरी खोऱ्यापर्यंतच्या तसल्या खडकांना लागलं. त्याच्या आधी हिस्लॉप आणि त्याचा सहकारी हंटर यांनी कामठी, सिलेवाडा, भरतवाडा इथल्या खाणींतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते, त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीची जिभेसारखी पानं भरपूर. १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि १८६१ साली बनबरी या वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासकानं त्या वनस्पतींचं वर्णन छापलं. खरा वाद वयाचा. हिस्लॉपला हे खडक जुरासिक, म्हणजे पर्मियनच्या बऱ्याच नंतरच्या काळातले, वाटत होते, आणि त्या काळी हातात तुलनेला फारसं काही नसल्यानं त्याला दोषही देता येत नाही. नंतर ग्लॉसोप्टेरिस जिथे जिथे सापडतं ते थर पर्मियन काळातले असं जसजसं ठरत गेलं तसतसं कामठीचं वय मागे सरकलं, आज साधारण पर्मियनचा शेवटचा भाग, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांच्या आसपास, असं मानतात. पण वरचा भाग पुढच्या ट्रायासिक काळात जातो की नाही, आणि गेला तर रेघ कुठे मारायची, यावर एकमत नाही. अडचण अशी की वरच्या लाल वाळूखडकात जीवाश्म फारच कमी मिळतात. खालचा भाग पर्मियन आणि वरचा बहुधा ट्रायासिक, हे मत जास्त पटतं. या थराखाली बराकर नावाच्या त्याहून जुन्या स्तरातला कोळसा दडलेला आहे, म्हणून सिलेवाडा, इंदर, पाटणसावंगी, गोंडेगाव अशा खाणी या पट्ट्यात झाल्या, आणि कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रंही इथून जवळच.

उतरती कळा. एके काळी कामठी मोठी व्यापारी पेठ होती. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३८,८८८ भरली, आणि १८८१ पासून ती सतत घटतच आली होती. जुने कोश याचं कारण रेल्वे असं एका ओळीत सांगून मोकळे होतात. पण नागपूरला मुंबईची गाडी आली १८६७ साली, मग गळती १८८१ नंतरच का दिसते? १८८० च्या आसपास नागपूरहून पूर्वेकडे मीटरगेज लाइन कामठीवरून निघाली, १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली, आणि १८८७ नंतर बंगाल-नागपूर रेल्वेनं ती ब्रॉडगेज केली. म्हणजे छत्तीसगडचा माल बैलगाडीनं येऊन इथे थांबायचा तो आता डब्यात बसून सरळ पुढे जायला लागला. रेल्वे आल्यामुळे नाही तर रेल्वे पुढे गेल्यामुळे पेठ बसली असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजही कमी केली.

या पडझडीत छावणीचं मात्र भलं झालं, रुंद रस्ते, मोठे कंपाऊंड आणि कडुनिंब-चिंचेची जुनी झाडं राहिली. गोरा बाजारातून गावाच्या मोंढ्याकडे वळलं की सावलीही संपते आणि शांतताही.

विडी आणि हातमाग हे गावातले जुने धंदे. विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास (१९०४-१९३९) कामठीचेच. शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठीतून ते विधिमंडळावर निवडून आले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात, साल बहुतेक १९३५ च्या आगेमागे. दरवर्षी १२ जानेवारीला कन्हानकाठी त्यांच्या समाधीवर गर्दी होते. १९९९ साली झालेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानी मदतीतून उभं राहिलं, रविवारी अर्धं नागपूर तिथेच असतं.

छावणीत आज गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर, एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आणि लष्करी कायद्याची संस्था आहे.

अपडाउन. नोकरी नागपुरात आणि घर कामठीत, हे आता नवीन राहिलेलं नाही. इतवारी-गोंदिया मार्गावरच्या लोकल गाड्या, आपली बस, शेअर ऑटो आणि सगळ्यात जास्त स्वतःची टू-व्हीलर. येरखेडा, रनाळा, भिलगाव ही गावं लेआउट पडून पडून रोडला चिकटली. कामठी रोडवर मेट्रो डिसेंबर २०२२ पासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत येते, आणि एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा डबल डेकर पूल ऑक्टोबर २०२४ मधे सुरू झाला, त्यामुळे गड्डीगोदामचा जाम कमी झाला. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कामठीवरून कन्हानपर्यंत मंजूर आहे, सध्या ऑटोमोटिव्ह चौकात उतरून पुढे ऑटोच बघावा लागतो.