स्पोर्ट्स कारच्या एसीचा पाइप सडला असेल, तर गॅस भरण्याआधी हे वाचा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

"नुसता गॅस भरून द्या, बाकी नंतर बघू." मार्च उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांसोबत हे वाक्य येतं. उन्हाचा तडाखा आम्हालाही कळतो. तरी लिकेज शोधल्याशिवाय आम्ही गॅस भरत नाही. का भरत नाही, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्रक.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस दाबणारा कंप्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर, केबिनची हवा थंड करणारी कूलिंग कॉइल आणि त्यांना जोडणारे पाइप एवढ्याच बंद वाटेत तो फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो खरा, पण भरल्यावर एकाच मोसमात थंडावा गेला तर कुठेतरी भोक आहे हे नक्की. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही बाहेर पडतं. तेल कमी झालेला कंप्रेसर एक दिवस जाम होतो आणि त्याच्या आतला धातूचा कीस सगळ्या सिस्टीमभर पसरतो. मग ज्या कामात पाइपचा एक तुकडा बदलून भागलं असतं, त्यात कंप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर सगळंच बदलावं लागतं.

स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त का होतं

साध्या गाडीत इंजिन पुढे, कंडेन्सरही पुढे. पाइप आखूड असतो आणि बॉनेट उघडलं की दिसतो. फोर्ड मस्टँगसारख्या पुढे इंजिन असलेल्या स्पोर्ट्स कारमध्येही साधारण तसंच. पोर्शेच्या ९११, बॉक्स्टर, केमन या गाड्यांचं गणित वेगळं. इंजिन मागे किंवा मध्यावर, कंप्रेसर इंजिनवर आणि कंडेन्सर मात्र पुढच्या बंपरच्या तोंडाशी. म्हणजे गॅस पुढून मागे आणि मागून पुढे नेणारे लांब ॲल्युमिनियमचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. गाडी जमिनीलगत असते, त्यामुळे चाकांनी उडवलेलं पाणी, चिखल, खडी सगळं त्यांच्यावरच येतं. खालून प्लॅस्टिकची कव्हरं असतात, पण आत गेलेली माती ती बाहेरही पडू देत नाहीत.

बंपरच्या तोंडात पाला आणि कचरा साठतो तो वेगळाच. ओला पाला कंडेन्सरला महिनोन्‌महिने चिकटून राहिला की त्याच्या खालच्या कडा कुजतात. पाइप तपासताना आम्ही बंपर उतरवून ही जागा आधी साफ करतो.

ॲल्युमिनियम सडतं कसं

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही. हवेत त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि तोच त्याला जपतो. मीठ हा थर जागोजागी फोडतं. मग तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडून ते आत आत जातात. वरून पांढरी भुकटी दिसते, तिच्याखाली पाइपची भिंत कागदासारखी झालेली असते. ही भिंत मुळातच जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड.

सर्वांत वाईट जागा म्हणजे क्लॅम्पखालची. लोखंडी क्लॅम्प, ॲल्युमिनियमचा पाइप आणि मध्ये खारट ओलावा असं जुळलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. क्लॅम्पमधलं रबर फाटलं की हे सुरू झालंच म्हणून समजा. दुसरी जागा कंप्रेसरकडे परत येणाऱ्या थंड पाइपवरच्या फोमखाली. पाइपला घाम येतो, फोम तो धरून ठेवतो आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून तपासणीत आम्ही फोम कापून बघतो. बरा दिसतो म्हणून तो तसाच ठेवत नाही.

कोल्हापूरच्या गाड्यांना मीठ कुठून लागतं, असं बरेच जण विचारतात. रविवारी पहाटे गाडी काढायची, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून मालवण, नाहीतर आंबा घाटातून गणपतीपुळे, हा इथला ठरलेला शिरस्ता. समुद्राकाठी एक मुक्काम, येताना घाटातला पाऊस आणि लाल माती. घरी आल्यावर वरून गाडी चकाचक होते, पोटाकडे कोणी बघत नाही. त्यात काही वॉशिंग सेंटरवर खालून कॉस्टिकचा कडक फोम मारतात. ग्रीस निघतं, पण कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातं. खालून धुवायला साधं पाणी पुरतं.

पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगावं लागेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्या पार्किंगमध्ये शिरलं, तिथल्या गाड्यांची इंजिनं आणि सीटा लोकांनी दुरुस्त करून घेतल्या. पण कव्हरांवर बसलेला गाळ कित्येक गाड्यांत तसाच राहतो आणि ओल धरून ठेवतो. अशी गाडी तुम्ही सेकंड हँड घेतली असेल तर एसी चालू असला तरी कव्हरं उतरवून खालचे पाइप एकदा बघून घ्या.

दुरुस्ती आम्ही कशी करतो

सिस्टीममध्ये उरलेला गॅस आधी मशीनने काढून घेतो, हवेत सोडत नाही. बहुतेक गाड्यांच्या एसीत असलेला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. आमच्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं आहे.

मग कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासतो. जिथे धूळ तेलकट होऊन चिकटलेली दिसते, तिथे बुडबुडे बहुतेक सापडतातच. भोक फारच बारीक असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा रंग वापरतो.

पाइप गाडीवरून उतरवल्यावरच त्याला आच लावतो. गॅस असलेल्या पाइपला ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं. एक तर दाब असतो: गाडी बंद असताना, ३० अंश तापमानालाही आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय भरतो. दुसरं म्हणजे ज्योतीत या गॅसचं विघटन झालं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं आणि ते फुप्फुसं जाळतं.

सडलेल्या जागेवर वरून वेल्डिंगचा ठिपका देता येईल का, हा हमखास प्रश्न. नाही देता येत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइड २००० अंशांच्या पुढे. सडलेल्या भागात धातूपेक्षा ऑक्साइडच जास्त, त्यामुळे टाका धरत नाही आणि शेजारची पातळ भिंत मात्र वाहून जाते. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम बसतं. म्हणून दोन्ही बाजूंना चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत पाइप कापतो आणि त्याच मापाचा नवा तुकडा आर्गॉन वेल्डिंगने बसवतो. टोकाचा नट किंवा फ्लँज शाबूत असेल तर तो ठेवतो. खराब असेल तर उद्यमनगरात तसाच लेथवर टर्न करून मिळतो. या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत. दुसऱ्या गावात ज्या टोकासाठी अख्खा पाइप परदेशातून मागवावा लागतो, ते इथे दोन गल्ल्या पलीकडे तयार होतं.

काही गाड्यांत लांब पाइप अखंड काढायचा तर इंजिन खाली घ्यावं लागतं. तिथे मधला सडलेला भाग कापून एसीसाठीचीच बॅरिअर होज क्रिम्प करून, म्हणजे यंत्राने टोकं दाबून पक्की करून, टाकतो. तिच्या आत नायलॉनचा थर असतो. पेट्रोलची होज आणि पान्याने आवळायच्या क्लिपा इथे चालत नाहीत, कारण साध्या रबरातून गॅस झिरपतो आणि क्लिप दाबाला सुटते. कूलिंग कॉइल किंवा कंडेन्सर सडला असेल तर ठिगळ लावत नाही, बदलायलाच सांगतो.

जोडलेला पाइप आतून धुऊन, पुन्हा नायट्रोजनवर ठेवून, दाब उतरला नाही तरच गाडीवर चढवतो. प्रत्येक उघडलेल्या जोडाला नवी ओ रिंग (रबरी सील) आणि सिस्टीमला नवा ड्रायर घालतो. ड्रायर हा खर्च वाचवायची जागा नाही. हवेतली ओल त्यात एकदा भरली की तो कामाचा राहत नाही आणि पावसाळ्यातल्या आपल्या हवेत तो लवकर भरतो. त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओल ओढून काढणं, आणि गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस. अंदाजाने, गेज बघून भरत नाही.

युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए भरायला बंदी आली, त्यामुळे तिथून आलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो. तो महाग असतो आणि थोडा पेट घेणारा. त्याच्या जागी अडॅप्टर लावून आर-१३४ए भरून द्या, असं कृपया सांगू नका. स्वस्तातला ज्वलनशील गॅस तर कुठल्याच गाडीत भरत नाही. कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली असते, म्हणजे लिकेज झालं तर तो गॅस थेट तुमच्या केबिनमध्ये येणार.

गाडी आणण्याआधी

इंजिन गरम असलेल्या गाडीखाली काम लगेच सुरू होत नाही, म्हणून शक्यतो सकाळी आणा. पाइप किती सडलाय हे कव्हरं उतरवल्यावरच कळतं. त्याआधी फोनवर सांगितलेला आकडा अंदाजच असतो. कव्हर उतरवल्यावर फोटो पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच पाइप कापायला घेतो. जुना तुकडा तुम्हाला परत मिळतो.

आधीच्या कामाची बिलं असतील तर सोबत ठेवा. आणि मागे कुणी गॅसबरोबर लिकेज बंद करणारं औषध टाकलं असेल तर ते पहिल्यांदा सांगा. ते औषध आमच्या गॅस काढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनच्या आत जाऊन घट्ट होतं, त्यामुळे अशा गाडीला मशीन जोडण्याआधी वेगळी तयारी करावी लागते.