सॅटेलाईट पाणी बघत नाही, पाण्याचं वजन करतं

रावेरकडे आमच्या एका नातेवाइकाची केळीतली ट्यूबवेल उन्हाळ्यात कोरडी पडली, तर पाणी बघायला आलेल्या माणसाच्या एका हातात नारळ अन् दुसऱ्या हातात मोबाईल. म्हणे आता आपण सॅटेलाईटनेपण पाहतो. नारळ तळहाताच्या बारीक हालचालीने उभा राहतो, त्याचा भूजलाशी संबंध नाही, ते सोडा. पण सॅटेलाईटची गोष्ट अर्धी खरी आहे अन् जाम भारी आहे.

2002 मध्ये नासा आणि जर्मनीने मिळून ग्रेस नावाची सॅटेलाईटची जोडी सोडली, ती 2017 पर्यंत चालली, 2018 पासून तशीच दुसरी जोडी फिरतेय. उंची साधारण 500 किलोमीटर, एकामागे एक, मध्ये 220 किलोमीटर अंतर. पाणी बघणारा कॅमेरा त्यात नाहीच! ती मोजतात फक्त एकमेकांमधलं अंतर.

आता खरी गंमत. समजा पुढे भरपूर पाणी मुरलेला प्रदेश आला, म्हणजे तिथे वस्तुमान जास्त, गुरुत्वाकर्षणाची ओढ जास्त. पुढचं सॅटेलाईट आधी तिथे पोचतं म्हणून ते आधी ओढलं जातं, अंतर वाढतं. मग ते पलीकडे जातं तेव्हा तीच ओढ त्याला मागे खेचते अन् मागचं मात्र अजून पुढे खेचलं जात असतं, म्हणून अंतर कमी होतं. मागचंही पार झालं की पुन्हा पहिल्यासारखं. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, मायक्रोमीटरमध्ये, तरी मायक्रोवेव्ह लहरींनी तो पकडतात. वरच्या विरळ हवेचा अडथळा लागतो तो वेगळा मोजून वजा करायचा, समुद्राच्या भरती-ओहोटीचा अन् वातावरणाचा परिणामपण वजा, मग महिन्याला पृथ्वीचा एक नकाशा तयार. सातपुडा काही महिन्याभरात हलत नाही, म्हणून दोन नकाशांत जो फरक उरतो तो बहुतेक पाण्याचा नाहीतर बर्फाचा.

ग्रीनलँडचा बर्फ वर्षाला सरासरी 250 अब्ज टनांपेक्षा जास्त घटतोय हे असंच कळलं. पंजाब, हरियाणा, राजस्थानातून 2002 ते 2008 मध्ये 109 घन किलोमीटर भूजल गेलं हेपण यातूनच, म्हणजे 105 टीएमसीच्या कोयनेसारखी साधारण 37 धरणं.

पण एक लोचा आहे. या नकाशाचा एक ठिपका साधारण 300 किलोमीटर रुंद, त्यात जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं मावून जागा उरते. शिवाय धरणातलं, मातीतलं अन् खालचं पाणी एकत्रच तोललं जातं, ते नंतर वेगळं काढावं लागतं. मग वावराच्या कोणत्या बांधाला पाणी लागेल ते यातून कसं कळणार?

मी त्या माणसाच्या मोबाईलमध्ये डोकावलो तर साधा नकाशा उघडलेला, त्यात आमच्याच वावराचा वरून काढलेला जुना फोटो.